किल्ली, कीर्द आणि बाप्तिस्मा : दुभंगलेल्या एका मंडळीचे प्रकरण

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांचे उल्लेख टाळले आहेत आणि आकडे थोडे बदलले आहेत. तशाच तंट्यातून गेलेल्या शेजारच्या मंडळ्यांमधले (मंडळी म्हणजे एका चर्चच्या उपासकांचा समुदाय) काही प्रसंगही यात गुंफले आहेत. त्यामुळे एका गावचे वृत्त म्हणून न वाचता असे तंटे कसे पेटतात आणि कशाने शमतात याचा नमुना म्हणून ते वाचावे.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले. पुढे १८७० च्या दशकात एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, मिशनही जिल्ह्यात उतरले. हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. एखादे खेडे काँग्रिगेशनल (अमेरिकन मिशनच्या पंथाचे) झाले की अँग्लिकन, हे तिथल्या माणसांनी शास्त्र वाचून ठरवलेले नसे. कोणत्या मिशनच्या शाळेचा मास्तर आधी पोचला यावर ते ठरे. पंथाभिमान मात्र पुढच्या तीन पिढ्यांनी इमानाने जपला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ-मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यामागे १९२९ पासूनच्या वाटाघाटी होत्या. काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे आधीच झालेले संयुक्त चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट असे सारे त्यात आले. अमेरिकी परंपरेचे मेथॉडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. या करारातला एक मुद्दा पुढे कामाला येणार आहे. बालकांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास पत्करून घेतलेला बाप्तिस्मा, या दोन्ही पद्धती सीएनआयने ग्राह्य मानल्या. तसे नसते तर बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि फक्त मोठेपणचा बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्ट एका छताखाली बसलेच नसते.

आपल्या प्रकरणातली मंडळी जुन्या अमेरिकन मिशनची, १९७० पासून सीएनआयची. दगडी चर्च, कौलारू छप्पर, नोंदवहीत सुमारे १४० कुटुंबे. आवारात पाळकांचे घर, प्राथमिक शाळा आणि रस्त्याच्या कडेला १२ गाळे. कबरस्थान अर्ध्या किलोमीटरवर, साधारण एक एकर, कुंपण आणि कुलूप असलेले. जमिनीची मालकी कागदोपत्री वरच्या ट्रस्टची आहे. गावातली पास्टोरेट समिती, म्हणजे मंडळीने निवडलेली कारभारी समिती, फक्त व्यवस्था पाहते. गावात हे फार थोड्यांना ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते, ते बोलत नसत.

२०१२ च्या सुमारास एका घरी शुक्रवारची रात्रीची प्रार्थना सुरू झाली. चालवणारा तरुण याच मंडळीतला, पुण्याहून बायबल शिक्षण घेऊन आलेला. उपास-प्रार्थना, आजाऱ्यांसाठी हात ठेवून विनवणी, साक्षी, कीबोर्डवर गाणी. पाळकसाहेब सुरुवातीला स्वतः जात असत. २०१५ च्या उन्हाळ्यात त्या तरुणाने कालव्याच्या पाण्यात १९ जणांना बुडवून बाप्तिस्मा दिला. ते सगळे लहानपणी याच दगडी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेले होते. पाळकसाहेबांना ही गोष्ट तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाकडून कळली.

फूट कशी पडली

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. मंडळीच्या पेटीतल्या ५०० आणि १००० च्या नोटा बँकेत भरायच्या, तर कीर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) रोख शिल्लक आणि पेटीतली रक्कम जुळेना. गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब तीन वर्षे मंडळीपुढे वाचलाच गेला नव्हता. ‘पंधरा लाख गेले’ ही अफवा दोन दिवसांत गावभर झाली.

त्याच महिन्यात समितीची निवडणूक होती. मतदार यादी करताना समितीने दुसरा बाप्तिस्मा घेतलेल्या १९ जणांसह एकूण ३१ नावे कमी केली. उरलेल्या १२ जणांची वर्गणी थकली होती, असे कारण लिहिले. २० नोव्हेंबरच्या उपासनेत ही ३१ नावे व्यासपीठावरून वाचण्यात आली. बायबलमधल्या मत्तय १८ चा आधार देण्यात आला, पण त्या अध्यायात सांगितलेला क्रम उलटा केला गेला. आधी एकट्याने भेटायचे, ऐकले नाही तर एकदोघांना घेऊन जायचे, आणि मगच मंडळीला सांगायचे, असे तिथे लिहिले आहे. समितीने पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी गाठली. यादीतल्या एका आजोबांनी त्याच चर्चच्या बांधकामाला वडिलांनी बैलगाडीने दगड वाहिल्याचे सांगत तिथेच आवाज चढवला.

पुढच्या रविवारी, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या उपासनेला, चर्चला दोन कुलपे होती : आतले समितीचे, बाहेरचे दुसऱ्या, म्हणजे नावे कमी झालेल्यांच्या बाजूच्या, गटाचे. पोलीस आले. दोन्हीकडच्या ११ जणांवर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) झाली, शिवीगाळ-धक्काबुक्कीच्या दोन एनसी (अदखलपात्र तक्रारी) नोंदल्या गेल्या. असेच चालले तर कलम १४५ व १४६ खाली जागा ताब्यात घ्यावी लागेल, अशी समज तहसीलदारांनी दिली. या धाकाने कुलपे निघाली, पण दुसरा गट परतला नाही. २०१७ च्या ईस्टरपर्यंत सुमारे ५० कुटुंबे आवाराच्या उत्तर कोपऱ्यात पत्र्याची शेड टाकून स्वतंत्र उपासना करू लागली. दोन ध्वनिक्षेपक, मध्ये साठ पावलांचे अंतर.

ऑगस्ट २०१७ मध्ये शेडवाल्या गटातल्या एका वृद्ध बाई वारल्या. पती जुन्या कबरस्थानात पुरलेले. त्यांच्या शेजारी जागा मिळावी एवढीच इच्छा. ‘नाव यादीत नाही’ म्हणून समितीच्या सचिवाने किल्ली दिली नाही. पावसात सहा तास देह घरी थांबला, शेवटी पोलिसांसमोर कुलूप काढून रात्री नऊनंतर दफन झाले. सचिव हा त्या बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता.

तंटा नेमका कशाचा होता

बाहेरून पाहणाऱ्याला हा बाप्तिस्म्याचा वाद वाटला, आणि दोन्ही गटही तसेच सांगत. शास्त्राचा वाद मोठेपणाचा वाटतो. भाड्याच्या पावतीचा वाटत नाही. प्रत्यक्षात गाठी चार होत्या आणि त्या एकमेकींत अडकल्या होत्या.

पहिली हिशेबाची. दुसरी यादीची, म्हणजे सभासद कोण आणि ते कोण ठरवणार. तिसरी बाप्तिस्म्याची, आणि ती खरीच होती : शेडवाले बालबाप्तिस्म्याला ‘पाणी शिंपडणे’ म्हणत, तर जुन्या मंडळीच्या कानाला दुसरा बाप्तिस्मा म्हणजे आपल्या आईबापांनी घेतलेली शपथ खोटी ठरवणे होते. चौथी गाठ कोणी उच्चारत नव्हते. कमी केलेल्या ३१ नावांपैकी २६ नावे एकाच बाजूच्या घरांची होती. पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग कुटुंबांमधली जुनी रेघ मंडळीत पुसली गेली आहे असे सगळे म्हणत. पण २५ वर्षांत सचिव आणि खजिनदार ही पदे एकाच बाजूला राहिली होती. सोयरीक तर दोन्ही बाजूंमध्ये फारच क्वचित.

पंथभेद मिटवण्याचे जे प्रयत्न थेट शास्त्रचर्चेने सुरू होतात, ते बहुधा इथेच फसतात. तिसऱ्या गाठीवर बोलणे चालते आणि बाकीच्या तीन ती पुन्हा आवळतात.

समोर आलेले पर्याय

दफनाच्या प्रसंगानंतर दोन्ही गटांतली काही माणसे हादरली. तेव्हा पाच वाटा चर्चेत होत्या.

न्यायालय वा धर्मादाय आयुक्त. शेडवाल्यांच्या वकिलाचा सल्ला हाच होता. समितीच्या बदल अर्जावर (ट्रस्टच्या नोंदींतला बदल कळवण्याचा अर्ज; सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम २२) त्यांनी हरकत घेतलीच होती. पण गुजरातमधल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद त्यांच्यापुढे उदाहरण म्हणून होता. १९७० च्या विलीनीकरणातून निघालेल्या त्या वादात, असे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे नसून धर्मादाय यंत्रणेचे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले; आणि मालमत्ता सीएनआयकडे गेली की नाही यावरचा निकाल २०१३ मध्ये लागला. नुसत्या ठरावाने ती गेली नाही, असा तो निकाल. चार दशके थांबायची तयारी असेल तरच या वाटेने जावे.

डायोसिसची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या चर्चच्या विभागाची, शिस्तभंगाची कारवाई. समितीला हे हवे होते. पण शेडवाले स्वतःला डायोसिसच्या बाहेरचे मानू लागले होते. जो बाहेर गेला त्याला बडतर्फ करून काय साधणार?

आवाराची वाटणी. ऐकायला व्यवहारी, करायला अशक्य. मालक वरचा ट्रस्ट; विक्री, देवाणघेवाण किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर त्याच अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गावातल्या दोन गटांनी मुद्रांकावर केलेल्या वाटणीला कागदाचीही किंमत नसती.

मोठा एकता मेळावा. बाहेरचा नामांकित वक्ता, मंडप, दोन्ही पाळकांची व्यासपीठावर गळाभेट. उत्साही तरुणांना हे फार आवडले. अशा मेळाव्यात माणसे खरोखर रडतात, आणि सोमवारी गाळ्याचे भाडे पुन्हा जुन्याच खिशात जाते.

पाचवी वाट म्हणजे तटस्थ मध्यस्थांमार्फत एकेक गाठ, सोपीपासून अवघडाकडे, आणि एकत्र येण्याचे वचन आधी न मागता. ही निवडली गेली, त्याला मुख्य कारण इतर चार वाटांचा कंटाळा. बिशपांच्या कार्यालयाकडून आधीच लेखी संमती घेतली गेली, कारण पास्टोरेट समितीने परस्पर केलेला करार ट्रस्टवर बंधनकारक होत नाही.

मध्यस्थ तीन होते : दुसऱ्या जिल्ह्यातले निवृत्त पाळक, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक लेखापरीक्षक आणि जवळच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या एक कॅथलिक सिस्टर. निकष दोन ठेवले. गावात नातेगोते नको, आणि तिघे एकाच पंथाचे नकोत. सिस्टरांच्या नावाला शेडवाल्यांनी नाके मुरडली. पण त्यांच्यातल्या निम्म्या मुलांचा जन्म त्याच दवाखान्यात झाला असल्याने विरोध टिकला नाही.

काय केले

पहिला करार : कबरस्थान. यावर नऊ दिवसांत सह्या झाल्या. कागद एका पानाचा. किल्ल्या तीन : एक समितीकडे, एक शेडमधली उपासना चालवणाऱ्या पास्टरांकडे, एक शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे. नोंदवहीत ज्याचे किंवा ज्याच्या आईवडिलांचे वा जोडीदाराचे नाव कधीही होते, त्याला जागेचा हक्क. आजच्या यादीत नाव आहे की नाही, हा प्रश्न विचारायचाच नाही. दफनाची नोंद एकाच रजिस्टरात, शुल्क दोघांना सारखे. दफनविधी मृताच्या घरचे सांगतील तो पाळक चालवेल, दुसऱ्याला एक प्रार्थना करण्यास बोलावले जाईल. कबरीजवळ उपदेशात पंथाचा उल्लेख नाही, ध्वनिक्षेपक नाही.

दफन आधी घेण्यामागे विचार होता. मरण थांबत नाही, म्हणून हा करार लगेच वापरला जाणार आणि पाळला जातो की नाही हे लगेच दिसणार. पुढच्या चार महिन्यांत तीन मृत्यू झाले. तिन्ही वेळा किल्ली दहा मिनिटांत मिळाली. त्यानंतरच लोक बैठकीला येऊ लागले.

घरोघरचे ऐकणे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७. मध्यस्थांनी दोघा-दोघांनी जाऊन २२ घरी संभाषणे केली, प्रत्येक सुमारे दीड तास. प्रश्न तीनच : काय घडले, तुमचे काय गेले, काय झाले तर पुरे म्हणाल. मग दोन घटनाक्रम शेजारीशेजारी लिहिले. तारखांवर मतभेद जवळपास नव्हता. फरक होता तो सुरुवात कुठून धरायची यात : समितीची गोष्ट २०१५ च्या कालव्यापासून सुरू होई, शेडवाल्यांची न वाचलेल्या हिशेबापासून. एकत्रित घटनाक्रमात दोन्ही सुरुवाती ठेवल्या. चौथी गाठही याच संभाषणांत बाहेर आली, तीही बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, बायकांच्या तोंडून.

घाईचे पाऊल. नाताळ जवळ आला तसा दोन्हीकडून आग्रह झाला की यंदा कॅरोल फेरी एकत्र काढू. लेखापरीक्षकांचा विरोध होता, बाकी दोघांनी होकार दिला. कोणत्या गल्लीतून आधी जायचे आणि जुनी गायने की कीबोर्डवरची गाणी, यावरून दुसऱ्याच रात्री बाचाबाची झाली. एकाने तिचा व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर टाकला. त्यापायी तीन महिने कोणी बोलेना. पुढच्या करारात एक कलम वाढले : बैठकीतला वा उपासनेतला वाद चित्रित करून पाठवणाऱ्याने २४ तासांत तो काढायचा आणि ज्या ग्रुपवर टाकला तिथेच तसे लिहायचे.

हिशेब. इथे लेखापरीक्षकांचे महत्त्व कळले. त्यांनी कीर्दीपासून सुरुवात न करता १२ भाडेकरूंपासून केली. प्रत्येकाकडच्या पावत्यांचे फोटो घेतले आणि मग कीर्दीशी ताडून पाहिले. तीन वर्षांचे येणे भाडे ४,५३,६०० रुपये. पावत्यांनुसार जमा ३,०६,०००. भाडेकरूंकडेच थकलेले ९३,०००. उरलेले ५४,६०० भाडेकरूंनी रोख दिले होते, पण पावती फाडलेली नव्हती. त्यातले ३८,००० पावसाळ्यात कौले बदलण्यावर खर्च झाल्याचे गवंड्याने आणि सामान देणाऱ्या दुकानदाराने सांगितले. व्हाउचर मात्र नव्हते. १६,६०० रुपयांचा पत्ता लागला नाही. खजिनदाराने ते चार हप्त्यांत भरण्याचे मान्य केले.

म्हणजे पंधरा लाखांची अफवा १६,६०० वर आली. हा ताळेबंद चर्चमध्ये न वाचता शाळेच्या खोलीत, रविवारी दुपारी, भाडेकरूंना बोलावून वाचला. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले, त्यामुळे आवाज चढला नाही. पैसे खाल्ले असे म्हणणारे आणि ‘आमच्यावर संशय घेता?’ म्हणणारे दोघेही अर्धे चुकले होते, हे एकाच कागदावर दिसले. नंतरचा नियम साधा आहे : भाडे फक्त बँक खात्यात, दर तिमाहीचा जमाखर्च फलकावर.

यादी. ३१ नावे कमी करण्याचा ठराव समितीने जून २०१८ मध्ये रद्द केला. शेडवाल्यांपैकी ज्यांना दोन्हीकडे राहायचे होते, त्यांना एक वर्षाची मुदत दिली; त्यानंतर मतदान एकाच ठिकाणी. निवडणुकीची यादी ६० दिवस आधी फलकावर, हरकतीला ३० दिवस. गावातल्या सहा प्रार्थना गटांतून प्रत्येकी एक सभासद समितीवर येईल, असे ठरले. जातीचा शब्द कागदावर कुठेच आला नाही, पण गटांची हद्द वस्तीप्रमाणे असल्याने एका बाजूची मक्तेदारी आपोआप संपते. हे उघड बोलायला हवे होते का? निवृत्त पाळकांचे मत होय. सिस्टरांचे मत, आधी खुर्ची द्या, बोलणे ते लोक आपणहून करतील.

बाप्तिस्मा. ही गाठ शेवटी घेतली, जुलै ते ऑक्टोबर २०१८, सहा बैठका. सुरुवातीलाच सांगितले गेले की इथे कोणी कोणाचे मत बदलणार नाही. स्वीडनमधल्या लुंड येथे १९५२ साली भरलेल्या, मंडळ्यांच्या एकतेचा विचार करणाऱ्या फेथ अँड ऑर्डर परिषदेने मंडळ्यांना एक प्रश्न विचारला होता, तोच फळ्यावर लिहिला : मनापासूनच्या खोल मतभेदांमुळे जिथे वेगळे वागणे भाग आहे, तेवढे सोडून बाकी सगळे आपण एकत्र का करू नये? मग तीन रकाने. एकत्र : दफन, आजाऱ्यांच्या भेटी, शाळा, शुभ शुक्रवारची उपासना, आपत्तीत मदत. वेगळे : रविवारची उपासना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी). अजून ठरले नाही : शेडची जागा, लग्ने.

निवृत्त पाळकांनी एक दाखला दिला. जुलै २०१० मध्ये जर्मनीत स्टुटगार्ट येथे लुथरन जागतिक महासंघाने मेनोनाइट मंडळ्यांकडे, त्यांच्या ॲनाबॅप्टिस्ट (फक्त मोठेपणचा बाप्तिस्मा मानणाऱ्या) पूर्वजांच्या सोळाव्या शतकातल्या छळाबद्दल, जाहीर क्षमा मागितली. तिथेही मूळ वाद बालबाप्तिस्म्याचाच, आणि तो वाद त्या दिवशी सुटला नाही. क्षमेसाठी तो सुटावा लागला नाही, हे गावातल्या दोन्ही गटांना नवे होते.

शेवटी पाच वाक्यांवर एकमत झाले. जुनी मंडळी दुसरा बाप्तिस्मा मान्य करत नाही, पण तो घेतलेल्याला विश्वासातून गेलेला म्हणणार नाही. शेडची मंडळी बालबाप्तिस्मा देणार नाही, पण उपदेशात त्याची टिंगल करणार नाही. जुन्या मंडळीतला कोणी बाप्तिस्मा मागायला आला, तर पास्टर आधी त्याला त्याच्या पाळकांकडे पाठवतील आणि ३० दिवस थांबतील. कुटुंबातला एक इकडे, एक तिकडे असेल तर मुलांच्या बाबतीत आईवडील दोघांची संमती. आणि वर्षातून एकदा दोन्ही पाळक बसून या करारात काय मोडले ते पाहतील.

लग्नाचा प्रश्न कायद्यानेच सोपा केला. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ खाली विवाह लावण्याचा अधिकार शेडच्या पास्टरांकडे नव्हता. त्यामुळे जुन्या चर्चचे पाळक लग्न लावून नोंद करतील, उपदेश पास्टर करतील, असे ठरले. यात जुन्या बाजूचा हात वर राहतो, हे खरे. पास्टरांनी पुढे स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि समितीने त्याला विरोध केला नाही.

क्षमेची उपासना. २० जानेवारी २०१९, ख्रिस्ती एकतेच्या प्रार्थना सप्ताहातला रविवार. त्याआधी तीन आठवडे मध्यस्थ मजकुरावर बसले होते. समितीचा पहिला मसुदा असा होता : ‘कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी.’ तो परत पाठवला. वाचला गेलेला असा : ‘२० नोव्हेंबर २०१६ ला आम्ही ३१ जणांची नावे त्यांना आधी न भेटता वाचली. ऑगस्ट २०१७ मध्ये आम्ही कबरस्थानाची किल्ली नाकारली. दोन्ही चूक होते. ठराव रद्द केला आहे, किल्लीचा करार केला आहे.’ शेडवाल्यांनी कालव्याचा बाप्तिस्मा लपवून केल्याबद्दल, चर्चला कुलूप लावल्याबद्दल आणि खात्री नसताना खजिनदाराला चोर म्हटल्याबद्दल क्षमा मागितली. केलेली गोष्ट, तारीख आणि भरपाई, या तिन्हींशिवाय एकही वाक्य ठेवले नाही. ‘क्षमा केली’ असे कोणी तिथे म्हणावे, अशी अपेक्षाही ठेवली नाही. ज्या घरी मयत अडली होती त्यांना तर यायचेही बंधन नव्हते.

प्रभुभोजन एकत्र घ्यावे का, यावर शेवटपर्यंत ओढाताण होती. घेतले नाही. इथे सिस्टरांचा शब्द चालला. कॅथलिक म्हणून त्यांना या उपासनांत प्रभुभोजनाच्या मेजाशी जाता येत नसे, आणि ते दुःख झाकून ठेवण्यापेक्षा दिसू द्यावे, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी शाळेच्या पटांगणात प्रीतिभोजन झाले. भाजी एका बाजूची, भाकरी दुसऱ्या बाजूची, वाढपी मिसळलेले.

परिणाम

दोन मंडळ्या दोनच राहिल्या. सुमारे १४ कुटुंबे शेडमधून जुन्या चर्चमध्ये परतली, चार उलट दिशेने गेली, तीन कुटुंबे दोन्हीकडे येत नाहीत. बदल अर्जावरची हरकत मागे घेतली गेली. दोन्ही एनसीमधल्या तक्रारदारांनी ठाण्यात जाऊन पुढे काही चालवायचे नसल्याचे लिहून दिले. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही मंडळ्यांनी एकाच यादीने १८० घरांना शिधा दिला, त्यात ख्रिस्ती नसलेली घरे निम्म्याहून अधिक होती. तीन रकान्यांच्या त्या कागदाची पहिली खरी परीक्षा हीच.

बाप्तिस्म्याचा करार दोनदा मोडला. एकदा ३० दिवसांची वाट न पाहता बाप्तिस्मा दिला गेला, एकदा जुन्या चर्चमध्ये पाहुण्या वक्त्याने कालव्यावरून विनोद केला. दोन्ही वेळा पाळकांनी एकमेकांना फोन केला आणि पुढच्या रविवारी आपापल्या ठिकाणी खुलासा केला. पहिल्या वेळचा खुलासा फारच गुळमुळीत होता.

वेगळे काय करता आले असते

बैठकांच्या पहिल्या आठ महिन्यांत एकही स्त्री कोणत्याही गटाची प्रतिनिधी नव्हती. फूट पडल्यावरही दोन्हीकडच्या महिला संघांच्या बायका बुधवारी एकमेकींच्या घरी आजाऱ्यांना भेटत होत्या. ते संबंध कधी तुटलेच नव्हते. प्रतिनिधी त्यांच्यातून घेतले असते तर कॅरोल फेरीचा घोटाळाही बहुधा टळला असता, कारण कोणत्या गल्लीत कोण दुखावलेले आहे हे त्यांना नेमके माहीत होते.

हिशेब नाताळाआधी हवा होता. भाडेकरूंच्या पावत्या गोळा करायला बारा दिवस लागले, त्याला परवानगी लागत नव्हती. पण ‘आधी मने जुळू द्या, मग पैशाचे बोलू’ या भल्या विचाराने तो मागे पडला. संशय असताना मने जुळत नाहीत. निदान या गावात जुळली नाहीत.

२०१५ मध्ये, कालव्यानंतरच्या आठवड्यात, पाळकसाहेबांपुढे खरा निर्णयाचा क्षण होता. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुन्हा मागितला तर स्वतः निकाल न देता प्रश्न बिशपांकडे नेण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी दीड वर्ष काहीच केले नाही, आणि ती पोकळी मतदार यादीने भरली. पाळकांच्या वार्षिक शिबिरांत उपदेशकलेला जेवढा वेळ जातो, त्याच्या चौथाईनेही अशा प्रसंगी पहिल्या आठवड्यात काय करायचे हे शिकवले जात नाही.

शब्बाथ शाळेतल्या (रविवारच्या बायबल वर्गातल्या) मुलांचा विचार तर फारच उशिरा झाला. एका वर्गात बसणारी, एका मैदानात खेळणारी मुले दोन वर्षे रविवारी वेगवेगळ्या दारांनी जात राहिली आणि त्यांना कोणी काही समजावले नाही. आता दहा-बारा जण मोठे होऊन दोन्हीकडे फिरकत नाहीत.

शेडच्या जागेचा प्रश्न तिसऱ्या रकान्यातच आहे. तीन वर्षांपर्यंतच्या वापर-परवान्याचा मसुदा ट्रस्टकडे पाठवला आहे, नाममात्र शुल्कासह, पक्के बांधकाम न करण्याच्या अटीवर. शेडवाल्यांना पक्की भिंत हवी आहे, कारण पश्चिमेकडून पाऊस आत येतो. समितीचे म्हणणे, भिंत झाली की उद्या मालकी सांगाल. सध्या त्या बाजूला ताडपत्री आहे, तिचा खर्च दोन्ही मंडळ्या अर्धा-अर्धा करतात, आणि ट्रस्टचे उत्तर यायचे आहे.